पॅनिक अटॅक म्हणजे विश्वासाची उणीव नव्हे

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, 'आता मी मरणार' ही भीती. ईसीजी मात्र नॉर्मल. कळवणच्या आमच्या ओपीडीत एक ख्रिस्ती बाई तिसऱ्यांदा आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, माझाच विश्वास कमी पडतोय."

मला हे पटत नाही. हा पॅनिक अटॅक आहे. तो साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूही व्याकूळ झाला, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. परंपरेनुसार लूक वैद्य होता. मग भक्ताने लाजायचे कशाला?

प्रार्थना जरूर करा. सावकाश श्वास सोडत ओळखीचे वचन मनात घोळवले की धाप उतरते. पण छातीत पहिल्यांदाच दुखले तर आधी हृदय तपासून घ्या. आणि झटक्यांच्या धास्तीने बाजार, एसटी, चर्च टाळू लागलात तर उपचार घ्याच. समुपदेशन आणि औषधांनी हा त्रास आटोक्यात येतो. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. गोळी घेतल्याने देवावरचा विश्वास कमी होत नाही.