सागरकाठची वाट कोणाची?

कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या स्टॅन्ली पार्कला वळसा घालणारी सुमारे ९ किलोमीटरची समुद्रकाठची सायकलवाट जगभर नावाजली जाते. पण १८८८ साली हे उद्यान झाले तेव्हा तेथे आदिवासींची वस्ती होती. त्यांच्या गावातील शिंपल्यांचे ढीग उपसून उद्यानाचा रस्ता केला गेला. १९३१ साली ब्रॉक्टन पॉइंटवरील कुटुंबांना हुसकावले. पुढे शोभेला टोटेम खांब उभे राहिले, तेही आधी दूरच्या जमातींचे! माणसे हाकलायची आणि खुणा मिरवायच्या, ही रीत आम्हाला अपरिचित नाही. सायकलवाटेला आमचा विरोध नाही. पण किनारे सुशोभित करण्यापूर्वी तेथे राहणाऱ्यांना विचारले गेले पाहिजे. त्यांच्या हक्कावर माती लोटून उभारलेल्या सौंदर्याला विकास कसे म्हणायचे?