काळ येतो, वेळ येत नाही

'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण आपण अपघातातून बचावलेल्या माणसासाठी राखून ठेवली आहे. खरं म्हणजे ती इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांच्या प्रगतिपुस्तकावर छापायला हवी. त्यांना काळ येतात. एक नाही, दोन नाही, चांगले बारा येतात. त्यातला कुठला कधी वापरायचा, ती वेळ मात्र दहावी झाली तरी येत नाही.

ज्यांच्या घरी शाळकरी पोर आहे त्यांना हा बारा काळांचा तक्ता वेगळा सांगायला नको. वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन भाऊ. प्रत्येकाला चार-चार मुलं. साधा, चालू, पूर्ण आणि धाकटा 'चालू पूर्ण'. एकाच वेळी चालू आणि पूर्णही असलेली गोष्ट मी आजवर फक्त रस्तादुरुस्तीत पाहिली आहे. पण पोरं बिचारी तक्रार करत नाहीत. पाढे म्हणावेत तशी झुलत म्हणतात, 'आय गो, आय ॲम गोइंग, आय हॅव गॉन, आय हॅव बीन गोइंग.' हा गृहस्थ मघापासून निघाला आहे तरी कुठे, हे ना गुरुजी विचारत, ना पोरं.

तुम्ही म्हणाल, एवढं चिडायला काय झालं? सांगतो. पवन मावळातला एक मुलगा आमच्या लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर लागला. बारावी पास, तक्ता तोंडपाठ. एका पाहुण्यानं खोलीतून फोन करून विचारलं, टॅक्सीचं काय झालं? यानं अदबीनं सांगितलं, "टॅक्सी हॅड कम, सर." पाहुण्याला वाटलं, आली आणि निघून गेली. तो जो भडकला! टॅक्सी खाली दारात उभी, ड्रायव्हर आत डुलक्या काढतोय, आणि वर रणकंदन. दुसऱ्या दिवशी पोराची रवानगी काउंटरवरून बॅगा उचलायला.

मी विचारलं, "अरे, तुला म्हणायचं काय होतं?"

"टॅक्सी आलीय, काका."

"मग 'आली होती' असं कशाला म्हणालास?"

"मी कुठं म्हणालो? मी 'हॅड' म्हणालो. तक्त्यात हॅव, हॅज, हॅड असं ओळीनं होतं. शेवटचं जरा जास्त सभ्य वाटलं."

आता यात पोराचा काय दोष? त्याला काळ कळत नाहीत असं कुणी म्हणू नये. लोणावळा स्टेशनवर उभे राहा. 'लोकल येते', 'लोकल येतेय', 'लोकल आलीय', 'लोकल आली होती' यांतला फरक प्लॅटफॉर्मवर चहा विकणाऱ्यालाही कळतो. 'आलीय' म्हटलं की माणूस जिना उतरत पळत सुटतो. 'आली होती' म्हटलं की बाकावर बसून चहा मागवतो. 'हॅज कम' आणि 'हॅड कम' यांत बहुतेक वेळा एवढाच फरक आहे: पळायचं की बसायचं. आईच्या मांडीवर फुकट मिळालेलं हे ज्ञान शाळेत कुणी वापरायलाच काढत नाही.

पूर्ण वर्तमानकाळ शिकवायला तर मावळात दोन हजार वर्षांपूर्वीची सोय आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा प्राकृत लेख आहे. (काय नाव! भूतकाळाचा खुद्द पालनकर्ता!) हे शैलगृह बांधून पुरं केलं आहे, असा त्याचा भावार्थ. करणारा केव्हाच गेला. केलेलं समोर उभं आहे. पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे हेच: गोष्ट मागे घडलेली, पण तिचा संबंध आत्ताशी. पण आमच्या सहली कार्ल्याला जातात, डबे खातात, डोकी मोजतात आणि परत येतात.

तक्ता हा पाया आहे, असं मला नेहमी ऐकवलं जातं. पाया खरा, पण पायावरच किती वर्षं झोपायचं? ज्या रेन आणि मार्टिनच्या नावानं आपण हात जोडतो, त्यांच्या व्याकरणातही काळांचे उपयोग सांगितले आहेत. आपण नेमके तेच ऑप्शनला टाकले. आणि १९८५ मध्ये रँडॉल्फ क्वर्क आणि मंडळींनी जे जाडजूड इंग्रजी व्याकरण काढलं, त्यात रूपांवरून इंग्रजीला काळ दोनच धरले आहेत, वर्तमान आणि भूत. बाकीचा संसार सहायक क्रियापदांचा. म्हणजे ज्यांची भाषा ते दोनावर भागवतात, आणि आम्ही बारा पाठ करून मुके!

मराठीची वाट इंग्रजीपासून फुटते अशी वळणं मला ठळकपणे चार दिसतात. घाटातल्यासारख्या पाट्या तिथं लावा. पहिलं वळण 'पासून'चं. आपण म्हणतो, 'जूनपासून पाऊस पडतोय'; इंग्रजीला तिथं 'हॅज बीन रेनिंग' लागतं. (लोणावळ्यात सप्टेंबरपर्यंत या एका काळावर निभावतं.) दुसरं, 'काल गेलो होतो'. या 'होतो'चा 'हॅड' करायचा नाही. साधं 'वेंट' पुरतं. 'हॅड' हवा तो दोन जुन्या गोष्टींतली आधीची कुठली हे सांगायला. तिसरं, 'समजतंय'. मराठीत समजणं चालू असू शकतं. इंग्रजीत सहसा 'आय अंडरस्टँड' म्हणून मोकळं व्हायचं. चौथं, 'आलोच!' वेटर अजून भटारखान्यात असतो आणि भूतकाळात येऊनही गेलेला असतो. इंग्रजीत त्यानं 'कमिंग' म्हणावं.

ही चार वळणं आठवड्याभरात शिकवून होतात. ती न शिकवता आपण पोरांना तक्ता देतो, आणि मग तीच पोरं चुकली की कॉन्व्हेंटात शिकलेले तोंडावर रुमाल धरून हसतात. पाहुण्याचं इंग्रजी चुकलं तर तो त्याचा उच्चार; मावळच्या पोराचं चुकलं तर त्याची लायकी! तळेगावच्या कारखान्यात काय किंवा लोणावळ्याच्या हॉटेलात काय, पोट भरायची वाट आज याच दारावरून जाते, आणि तिथं पगार 'हॅज' आणि 'हॅड'मधल्या एका अक्षरावर अडतो.

तेव्हा गुरुजी, बाई, एवढंच करा. पोराला उभं करून 'काळ ओळखा' म्हणू नका. 'काय झालं ते सांग' म्हणा. आधी मराठीत, मग इंग्रजीत. टॅक्सी दारात उभी आहे की निघून गेली, हे त्याला तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक असतं.