कुलूप तोडू नका, किल्ली मागा

‘परवानगी’ हा शब्द आपल्या घरांतून दोन्ही भाषांत चालतो. मराठीत तो संमतीसाठी, तर कन्नडमध्ये परवान्यासाठी. ‘चालना परवानगी’ म्हणजे वाहन चालवण्याचे लायसन्स. लिनक्स वापरणाऱ्या मुलांची गाडी नेमकी याच शब्दाशी अडते.

१९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. निपाणीपासून खानापुरापर्यंत अनेक घरांत कुणी ना कुणी इंजिनिअरिंगला असते. प्रोजेक्टची तारीख तोंडावर येते, मुलगी आर्डुइनो बोर्ड यूएसबीला जोडते आणि पडद्यावर उमटते, ‘परमिशन डिनाइड’. बोर्ड बिघडला असे समजून वडील नव्या बोर्डासाठी खिशात हात घालतात. जरा थांबा! हा संदेश आला म्हणजे संगणकाला बोर्ड दिसला आहे. फक्त वापरू दिलेला नाही. बोर्ड दिसतच नसेल तर आधी केबल बदला. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात.

लिनक्समध्ये बहुतेक उपकरणे ‘डेव्ह’ या फोल्डरात फाइलसारखी दिसतात. फाइलवर हक्क तिघांचे: मालक, गट आणि इतर. ‘एलएस -एल’ ही आज्ञा आणि पुढे उपकरणाचे नाव दिले की ते कळतात. उबुंटूवर अशा बोर्डाचा मालक ‘रूट’ आणि गट ‘डायलआउट’ असतो. हे नाव मोडेमच्या काळातले. बाहेर फोन कुणी लावावा, हे त्या गटावरून ठरे. बिल वाढू नये म्हणून आपणही फोनच्या डायलला छोटे कुलूप लावत होतोच की!

उपाय सोपा आहे. मुलीचे नाव त्या गटात घालायचे. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, ती अशी: ‘सुडो युजरमॉड -एजी डायलआउट’ आणि पुढे युजरनेम. यातला ‘ए’ लहान, ‘जी’ कॅपिटल. ‘ए’ विसरला तर ती बाकीच्या गटांतून बाहेर पडेल, आणि त्यात ‘सुडो’ वापरण्याचा हक्कही जाऊ शकतो. मग संगणक पुन्हा सुरू करावा. नवा गट पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो. ‘ग्रुप्स’ ही आज्ञा देऊन खात्री करावी.

मित्र दुसरा उपाय सांगतील, ‘सीएचमॉड ६६६’. त्याने दार सर्वांनाच उघडे होते, आणि बोर्ड काढून पुन्हा लावला की जुनेच हक्क परत येतात. दर वेळी ‘सुडो’ने प्रोग्राम चालवणेही बरे नव्हे. त्यातून तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे आपल्यालाच बदलता येत नाहीत.

कॉलेजच्या लॅबमध्ये हा अधिकार विद्यार्थ्यांकडे नसतो. तिथे मुलीने सरळ लॅबच्या सरांना सांगावे, “सर, मला डायलआउट गटात घाला.” नवा बोर्ड विकत घेण्याआधी एवढे एक वाक्य बोलून पाहावे.