संदेश पाठवा, पण उत्तरही वाचा

चाळीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी तुम्ही पाहिली असेल. टाकी भरत आली की आतला पोकळ गोळा वर उचलला जातो आणि नळ आपोआप बंद होतो. टाकी जणू नळाला आपली खबर देते. गोळा निखळला की पाणी जिन्यावरून वाहू लागते. व्यसनमुक्तीच्या उपचारालाही असा गोळा हवा, असे माझे मत आहे.

१९८० नंतरच्या दशकात ‘गर्द’, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, मुंबईत पसरले. मॉर्फिन, हेरॉइन ही अफूच्या कुळातील द्रव्ये मेंदूतील ठराविक ग्राहींना चिकटतात. ती रोज मिळू लागली की मेंदू त्यांना सरावतो. न मिळाल्यास शरीर तळमळते. तेव्हा रुग्णाला नुसते ‘मन घट्ट कर’ म्हणणे अशास्त्रीय होय. मेथॅडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे त्याच ग्राहींवर दीर्घकाळ काम करून तळमळ शमवतात. भारतात मेथॅडोनचा उपचार प्रथम ज्या मोजक्या रुग्णालयांत सुरू झाला, त्यांत परळचे के. ई. एम. होते.

औषध मात्र नेमाने घ्यावे लागते. उपचार सोडून काही आठवडे गेले की शरीराची सवय ओसरते. मग रुग्ण पुन्हा गर्दकडे वळला आणि त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. म्हणून तो येईनासा झाला, की लगेच कळायला हवे.

येथे मोबाइलचा लघुसंदेश उपयोगी पडेल. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. एका संदेशात ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे; देवनागरीच्या प्रत्येक खुणेला सामान्यतः १६, म्हणून ७०. काना, मात्रा, हलन्त यांनाही वेगळी जागा लागते. तरी हा संदेश पाहा:

‘आज कसे आहात? बरे असल्यास १, अडचण असल्यास २ पाठवा.’

मोकळ्या जागा धरून ४९ खुणा झाल्या. मोजून पाहा!

केनियात एच.आय.व्ही.च्या रुग्णांना दर आठवड्याला ‘कसे आहात?’ एवढेच विचारले जाई. अडचण कळवणाऱ्याला परिचारिका दूरध्वनी करी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध नीट घेणाऱ्यांचे प्रमाण संदेश मिळणाऱ्यांत ६२ टक्के, तर इतरांत ५० टक्के होते. रोग वेगळा, पण औषधाचा नेम आणि लोकलाजेची भीती तीच.

रोज ‘औषध घ्या’ असे बजावणारा एकतर्फी संदेश म्हणजे गोळा नसलेली टाकी. प्रश्न विचारावा, आणि ‘२’ आले किंवा उत्तरच आले नाही, तर त्याच दिवशी माणसाने चौकशी करावी. संदेश स्वस्त आहे, तो वाचणारा माणूस महाग आहे; खर्च तेथेच करावा. आणखी एक पथ्य : गिरगाव-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकाचा फोन चौघे हाताळतात. संदेशात औषधाचे वा रुग्णालयाचे नाव कदापि नसावे.

मित्रहो, तुमच्या ओळखीत कोणी या फेऱ्यात सापडला असेल, तर त्याला हसू नका. १४४४६ हा शासनाचा निःशुल्क क्रमांक त्याला सांगा. आणि तो कसा आहे, हे अधूनमधून विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.