दोन घरे, एक पूल

गेल्या वर्षी वळवाच्या पहिल्याच पावसात जवळपास कुठेतरी वीज पडली आणि आमच्या आईची संध्याकाळ मुकी झाली.

परसाच्या एका टोकाला दादाचे जुने, जांभ्या दगडाचे घर. दुसऱ्या टोकाला वाटणीनंतर मी बांधलेले. मध्ये साठ मीटर अंतर आणि फणसाचे झाड. आई दादाकडे असते. वडिलांच्या कीर्तनांच्या कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. ती हार्ड डिस्क माझ्याकडे. तिथून एक लांब वायर थेट दादाच्या टीव्हीला जोडली होती. दिवेलागणीला आई रोज एक कीर्तन ऐकायची.

विजेने ती वायर, माझ्याकडची एक पेटी आणि टीव्हीचे कनेक्शन अशा तिन्हींचा निकाल लावला. वीज थेट वायरीवर पडावी लागत नाही. जवळ पडली तरी लांब तांब्याच्या तारेत दाब उसळतो. त्यात दोन घरांचे अर्थिंग वेगळे असले तर तो दाब यंत्रांतूनच वाट काढतो. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची वायर ओढू नये, हे मला नुकसान भरून कळले.

पुतणी इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, "काका, फायबर घालूया. त्यातून प्रकाश जातो, करंट नाही." उपाय उत्तम; पण चर खणायचा तर फणसाची मुळे तुटणार. आईने एका वाक्यात विषय संपवला, "झाडाला हात लावायचा नाही."

मग वायफायच घरभर पसरवावे का? जांभ्याच्या जाड भिंतींपुढे ते दमते. मधे रिपीटर लावला, तर साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय दोन्ही घरांत आत वायरिंग झालेलेच होते. अडचण फक्त मधल्या साठ मीटरची होती. त्यासाठीच वायरलेस ब्रिज असतो. दोन पेट्या, एक त्यांच्या भिंतीवर, एक आमच्या, तोंडे एकमेकींकडे. प्रत्येक पेटी आपापल्या घरच्या वायरीला जोडलेली. हवेतून जाते ते फक्त मधले अंतर. वहिनी धारवाडच्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे सेतुवे की!" अगदी तोच.

यासाठी परवाना लागेल का, ही दादाची शंका. २०१८ साली केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त केला. ताकदीची मर्यादा मात्र पाळावी लागते.

पहिल्या दिवशी जोडणी धड टिकेना. पेट्या एकमेकींना दिसत होत्या, मग अडते कुठे? पुतणीने समजावले, की या लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत. मधोमध त्या फुगतात. साठ मीटरला तो फुगवटा मध्यावर रेषेच्या चारी बाजूंनी जवळजवळ नव्वद सेंटिमीटर. त्यात फणसाची ओली पाने येत होती. फांदी न तोडता आम्ही दोन्ही पेट्या दीड मीटर वर चढवल्या. खांबांना अर्थिंग केले, खाली येणाऱ्या वायरीला सर्ज प्रोटेक्टर बसवला. पूल हवेतला असला तरी छतावरून घरात येणारी वायर तांब्याचीच असते.

खरा गोंधळ पुढे झाला. पूर्वीची वायर फक्त टीव्हीपुरती होती. आता दोन अख्खी घरे जोडली गेली. दोन्हीकडच्या राउटरचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१. शिवाय दोघेही घरातल्या यंत्रांना नंबर वाटत सुटलेले. माझा प्रिंटर गायब झाला, दादाचा मोबाइल अडकला. पुतणीने कारण सांगताच वहिनी हसून म्हणाल्या, "भावजी, मनिगे ओब्ब यजमान साक्री." निदान झाले! दादाच्या राउटरकडे नंबर वाटण्याचे काम राहिले. माझ्या राउटरचा पत्ता बदलला, त्याचे वाटप बंद केले आणि तो नुसता जोडणीपुरता ठेवला.

पण मग दोन्ही घरांचे इंटरनेट दादाच्याच कनेक्शनवरून जाणार. वाटणीनंतर आम्ही भाऊ हिशेबाला समोरासमोर बसलो नव्हतो. चहा झाला, जुन्या एकदोन गोष्टी निघाल्या, जरा आवाजही चढला. शेवटी ठरले की माझे कनेक्शन बंद करायचे आणि बिल एक महिना त्याने, एक महिना मी भरायचे.

त्याच रात्री पुतणीचा फोन. "काका, तुमचा एक फोल्डर आमच्याकडून उघडतोय. त्यात प्रश्नपत्रिका आहे." अंगावर काटा आला. घरात एकटा असताना दार लोटून ठेवले तरी चालते; दोन घरांना वाट काढली, की कडी लागते. फोल्डरला पासवर्ड घातला, ब्रिजचा कंपनीने दिलेला पासवर्डही बदलला. वाचकांपैकी कोणी हा उद्योग करणार असेल, तर हे काम आधी करावे.

आता दिवेलागणीला वडिलांचा आवाज पुन्हा जुन्या घरात घुमतो. आवाजाच्या फायलीला वेग लागतो तो कितीसा! ब्रिज त्याच्या कितीतरी पट वाहून नेतो. मुसळधार पावसातही अजून तरी खंड पडलेला नाही. पूर्वी आई एकटीच ऐकायची. हल्ली वहिनी वाती वळत शेजारी बसतात, आणि एखादा मराठी शब्द अडला की आई त्यांना तो कन्नडमध्ये सांगते.

या महिन्यात बिल माझ्याकडे आहे. ते द्यायच्या निमित्ताने दादा काल स्वतः आमच्याकडे आला आणि जेवूनच गेला.