रांगेचा बाजार

भूमध्य समुद्रातील जलपर्यटन बार्सिलोनाला संपवून विमानाने न्यूयॉर्कला परतणाऱ्या अमेरिकी नागरिकास साधारणतः ८०० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर जकात माफ असते. ही सवलत गरीब-श्रीमंत सर्वांना सारखीच. रांग मात्र सारखी नाही! ‘ग्लोबल एन्ट्री’चे शुल्क भरून पूर्वतपासणीत उतरलेल्यास पाच वर्षे वेगळी, झटपट वाट मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे शुल्क १०० वरून १२० डॉलर झाले. पूर्वतपासणी सुरक्षिततेसाठी हवी, हे मान्य. पण मग तिला दाम कशाला? मोबाइलवर माहिती आगाऊ भरण्याची सोय हेच खाते विनामूल्य देते. सीमेवरील तपासणी हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. तिच्यातील विलंबापासून सुटका विकणे म्हणजे नागरिकांचा वेळच बाजारात मांडणे होय. तपासनीस वाढवा, रांग सर्वांचीच आखूड करा!