तुकोबांच्या पुलावरून

धर्मांतर केलेला मनुष्य भजनास मुकला, असा आपल्या घरांतून समज असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र वाचल्यावर तो आम्हांस सोडावा लागला. १८९५ साली मुंबईस त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. तरी तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

त्या काळी ख्रिस्ती उपासनेत विलायती चालींवर बसविलेली मराठी गीते पुष्कळ. चालीचा आघात एकीकडे, शब्दाचा दुसरीकडे! ऱ्हस्वास ओढून दीर्घ केले, की भाव कसा उमटावा? (मास्तरकीचा कान, वाचकांनी क्षमा करावी.) नगरकडे ख्रिस्ती कीर्तने टिळकांच्या आधीही होत असत, पण अभंगाचा जिव्हाळा त्या उपासनेत उतरला तो मुख्यतः त्यांच्या लेखणीने. ऐकणाऱ्यास देव आपल्याच बोलीत भेटला.

आणि गाणारा? १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. अभंग रचता रचता अंगी भिनलेले हे वैराग्य, असे आम्ही मानतो.

१९१९ साली ते वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्या लक्ष्मीबाईंनी पतीच्या धर्मांतराने आकांत केला होता, त्यांनीच पुढे ते पूर्ण केले.